सागरातील निंदणी
निंदणी चुकली की कपाशी खुरटते, हे तलमडुगूच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. प्रवाळांची निंदणी 'शस्त्रवैद्य' मासा करतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या नस्तरासारख्या पात्यामुळे त्यास हे नाव मिळाले. परंतु त्याचे खरे मोल शेवाळ खरवडणाऱ्या दातांत आहे. १९९८ साली समुद्र तापून लक्षद्वीपची पुष्कळ प्रवाळे मेली. त्या खडकांवर शेवाळ माजले असते, तर नवी प्रवाळे रुजली नसती. तेथील कोळी मुख्यतः खोल समुद्रातील कुपा मासे धरीत. म्हणून हे शेवाळभक्षक टिकले व प्रवाळांस सावरता आले. आता प्रवाळातील माशांसही मागणी वाढत आहे. आमच्या मते माशाचे मोल केवळ बाजारभावाने ठरवू नये. निंदणारे हात गमावून कोणते शेत पिकले आहे?