बाहुलीचे घर आणि नाक्यावरची जकात

गेल्या महिन्यात आम्ही एक घर विकले. लगेच फोन करू नका. उल्हासनगरची आमची दोन खोल्यांची जागा आहे तिथेच आहे. विकले ते मुलीचे बाहुलीचे घर. मुलगी आता दहावीला आहे. पुस्तके ठेवायला जागा नाही आणि कपाटावर हे दुमजली घर बसलेले.

नऊ-दहा वर्षांपूर्वी फर्निचर बाजारातल्या एका ओळखीच्या सुताराने ते उरलेल्या प्लायवूडचे करून दिले होते. छपराला सनमायकाचे तुकडे, खिडक्यांना जुन्या बांगड्यांच्या डब्याचे पारदर्शक प्लास्टिक आणि आतली कपाटे, पलंग सगळे काड्यापेट्यांचे. अंबरनाथला काड्यापेट्यांचा मोठा कारखाना होता. तो बंद झाला, 'विम्को नाका' हे नाव तेवढे राहिले. आमच्या मुलीच्या बाहुल्या मात्र काड्यापेटीवरच झोपत होत्या.

मुलाने मोबाइलवर फोटो काढून विक्रीला टाकले. किंमत बाराशे. फोटो छानच होते. पाहिल्यावर लक्षात आले की सगळे उजव्या बाजूने काढले आहेत. डावी भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी पाण्याने फुगली आहे आणि जिन्याच्या दोन पायऱ्या मोडल्या आहेत. मुलगा म्हणाला, "सगळे असेच टाकतात, अब्बू. घ्यायला आल्यावर बघतीलच की."

मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही गोष्ट आपल्या घराघरात मुलांना सांगितली जाते. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, हा प्रश्न त्या दुकानदाराला होता. आज ढिगात हात घालायची सोय नाही. दूर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे फक्त फोटो असतो, म्हणून डावी भिंत दाखवण्याची जबाबदारी अधिकच आपली. मुलाने तोंड वाकडे करून आणखी दोन फोटो टाकले. किंमत नऊशे केली. तिसऱ्या दिवशी बदलापूरच्या एका कुटुंबाने घर घेतले. दुपारच्या रिकाम्या लोकलने आम्हीच ते पोहोचवले. त्यांची चिमुरडी फलाटावरच मोडका जिना चढू लागली, बोटांनी.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, "ऑनलाइन विकलंत? मग जीएसटीचं काय?" सगळे हसले, पण उत्तर कोणालाच देता येईना. म्हणून आम्ही नीट माहिती काढली.

आपल्या घरातली वापरलेली वस्तू एखाद्या वेळी विकणे हा धंदा नव्हे. जीएसटी लागतो तो धंद्याच्या ओघात केलेल्या विक्रीवर. तेव्हा मुलीचे खेळणे, जुनी सायकल, लहान झालेला पाळणा विकला तर जीएसटी नाही. घरगुती वापराच्या अशा वस्तूंच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा आयकरही नाही. दागिने किंवा चित्रे विकली तर गोष्ट वेगळी. सहकाऱ्यांना हे सांगितले, चहा झाला, विषय मिटला असे वाटले.

तो मिटला नव्हता. अंबरनाथला आमची मोठी मावसबहीण राहते. सगळे तिला आपा म्हणतात. भाईजान वारल्यापासून शिवणकामावर घर चालवते. तिने फोटो पाहिले आणि म्हणाली, "हे तर मीही करीन." फर्निचर बाजारातून प्लायवूडचे तुकडे आणले, शिवणातल्या कापडाचे पडदे केले, भिंतींवर हाताने वेलबुट्टी रंगवली. पहिले घर शेजारी गेले. दुसरे कोल्हापूरला. तिसऱ्याची मागणी बेळगावहून आली, आणि तिथे आपा अडली. कोणीतरी तिला सांगितले होते की राज्याबाहेर माल पाठवायचा तर जीएसटी नंबर लागतो.

सांगणारा अगदी चुकीचा नव्हता. पण त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

आमच्या लहानपणी जकात हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येई. एक घरात, रमजानमध्ये, अब्बा वर्षभराच्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा मोजत तेव्हा. दुसरा नाक्यावर. शहराच्या हद्दीत माल शिरला की महापालिकेची जकात. इथल्या फर्निचरचे टेम्पो मुंबईत शिरताना मुलुंडच्या नाक्यावर रांगेत उभे राहत. पुढे राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, म्हणजे एलबीटी. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईची जकात तेवढी टिकली होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे नाकेही बंद झाले.

नाके गेले, पण त्यांच्यामागचा प्रश्न राहिला. एका गावात बनलेली वस्तू दुसऱ्या गावात विकली तर तिच्यावरचा कर कोणाचा? जीएसटीचे उत्तर असे, की वस्तू जिथे वापरली जाते तिथला. समजा, नोंदणी असलेल्या दुकानदाराने हजार रुपयांचे लाकडी खेळणे विकले. बॅटरी-विजेशिवायच्या खेळण्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांऐवजी पाच टक्के कर आहे, म्हणजे पन्नास रुपये. गिऱ्हाईक बदलापूरचे असेल तर पंचवीस केंद्राचे, पंचवीस महाराष्ट्राचे. गिऱ्हाईक बेळगावचे असेल तर बिलावर पन्नास रुपये आयजीएसटी म्हणून एकत्र लागतात आणि त्यातला राज्याचा वाटा कर्नाटकाला जातो. गिऱ्हाइकाच्या खिशातून दोन्हीकडे सारखेच पैसे जातात. फरक हिशेबाचा आहे. बेळगावात मराठी बोलतात, आपाची नणंदही तिथे नांदते, पण करासाठी ती हद्द पक्की आहे.

म्हणूनच छोट्या विक्रेत्यांसाठी नियम दोन तऱ्हेचे आहेत. राज्यातल्या राज्यात वर्षाला चाळीस लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन बाजारातून विकायचे तर पूर्वी एक रुपयाच्या विक्रीलाही नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सवलत मिळाली. पॅनच्या आधारे जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि फक्त आपल्याच राज्यात विकायचे. राज्याची हद्द ओलांडली की मात्र उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी हवी.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो आमच्या वाचक भगिनींनी लक्षात ठेवावा. कारागिराने हाताने केलेल्या, यादीत नाव असलेल्या हस्तकलेच्या वस्तू वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीशिवाय परराज्यात पाठवता येतात. त्या यादीत लाकडाच्या, धातूच्या, कापडाच्या बाहुल्या आणि खेळणी आहेत, आणि आपल्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे नाव तर स्पष्ट घातले आहे. अट अशी की पॅन असावे आणि मालाची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल काढावे. वस्तू खरोखर हाताची, नक्षी-सजावटीची असावी. यंत्रावर कापलेले साचे नुसते जोडून चालणार नाही. शिवाय ही वाट थेट मागणीची आहे. ऑनलाइन बाजारामार्फत परराज्यात विकायचे तर नोंदणीशिवाय सुटका नाही.

आणखी एक गोष्ट आपाला आम्ही सांगितली. नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटीच्या नावाने एक पैसाही घेता येत नाही. आणि खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यातून केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट आहे. म्हणजे आपाने आधी कारागिराचे ओळखपत्र काढणे हे सगळ्यात गरजेचे. मूल ती वस्तू तोंडात घालते. खिळा बाहेर आला आहे का, रंग निघतो का, हे कोणी तपासो न तपासो, आपल्यालाच पाहायचे आहे.

एवढे ऐकून आपा दमली. तेवढ्यात तिचा धाकटा म्हणाला, "अम्मी, एवढी भानगड कशाला? पार्सलवर 'भेट' असं लिहा. फुफ्फूच्या पत्त्यावर पाठवा. कोण उघडून बघतंय?"

खोलीत क्षणभर सगळे गप्प झाले. खरेच, कोण बघतंय? नऊशे-हजारांची वस्तू. विधवा बाई. मोठे मोठे लोक काय काय करतात.

आम्ही त्याला दुबईच्या पार्सलची आठवण करून दिली. पूर्वी परदेशातून पाच हजार रुपयांपर्यंतची भेट टपालाने किंवा कुरिअरने आली तर सीमाशुल्क लागत नसे. ईदच्या आधी चाचांकडून मुलांसाठी खेळणी येत, ती अशीच. मग परदेशी ऑनलाइन दुकानांचा विकत घेतलेला मालही 'भेट' लिहून येऊ लागला. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती माफीच काढून घेतली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. खोट्या भेटींनी खऱ्या भेटींचा रस्ता बंद केला. त्याची किंमत चाचांच्या पार्सलने मोजली.

बाहेरच्या जगातही हेच घडले आहे. युरोपीय संघात २२ युरोंपर्यंतच्या परदेशी पार्सलला व्हॅट माफ होता. मालाची किंमत कमी लिहून त्याचा इतका गैरफायदा घेतला गेला की १ जुलै २०२१ पासून ती माफी संपली. अमेरिकेत परराज्यातल्या विक्रेत्याचे आपल्या राज्यात दुकान नसेल तर राज्याला त्याच्याकडून विक्रीकर मागता येत नसे. कर गिऱ्हाइकाने स्वतःहून भरायचा, आणि तो फारसे कोणी भरत नसे. गल्लीतला दुकानदार कर लावून विकणार आणि दूरचा न लावता, मग गिऱ्हाईक कुठे जाणार? २१ जून २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा राज्याच्या बाजूने निकाल दिला. समोर होती वेफेअर, ऑनलाइन फर्निचर विकणारी कंपनी. त्या राज्याच्या कायद्यात मात्र छोट्यांना जागा होती: वर्षाला एक लाख डॉलर किंवा दोनशे व्यवहार यांच्या आतल्या विक्रेत्याला सक्ती नव्हती. आपल्या फर्निचर बाजारातला दुकानदारही हेच गाऱ्हाणे करतो. त्याचे भाडे, त्याचा कर, त्याचे नोकर, आणि समोरच्याच्या हातातल्या मोबाइलवर स्वस्त भाव.

आम्ही आपाच्या धाकट्याला एवढेच म्हटले, "तुझ्या अम्मीला सरळ वाट उपलब्ध आहे. ती लांबची आहे, पण बंद नाही. मग आडवाट कशाला?" तो काही बोलला नाही. पण ओळखपत्राच्या अर्जासाठी आधार कार्डाची प्रत काढायला तोच गेला. ई-वे बिलासाठी आमच्या ओळखीच्या कर सल्लागाराने अर्धा तास बसून सगळे दाखवले आणि पैसे घेतले नाहीत.

बेळगावच्या बाईंना आपाने फोन करून सांगितले की कागद पूर्ण व्हायला वेळ लागेल, थांबता येत नसेल तर दुसरीकडून घ्या. त्या थांबायला तयार झाल्या. त्यांच्या नातीचा वाढदिवस दोन महिन्यांनी आहे. नाही थांबल्या असत्या तर एक मागणी गेली असती, आणि आपाच्या घरात एका मागणीचे मोल काय, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून उपदेश करताना जीभ जड झाली होती, हेही कबूल करतो.

रस्त्यावरचे नाके उठले. आता पार्सलवर काय लिहायचे ते आपल्याच हातात आहे. घरच्या जकातीला तर कधीच नाका नव्हता. अब्बा दार लावून, चष्मा चढवून, पैसा अन् पैसा मोजत बसत आणि त्यांना विचारणारे कोणी नसे. दोन्ही हिशेब वेगळे, एकाने दुसरा फिटत नाही. पण मोजणारा हात एकच असतो.

परवा बदलापूरहून फोटो आला. मोडक्या जिन्याला त्या मुलीच्या वडिलांनी आइस्क्रीमच्या काड्यांच्या पायऱ्या बसवल्या आहेत. यावेळी फोटो डाव्या बाजूने काढला होता.