आकाश फुकट, मग पुस्तक कुठाय?

‘आकाश बघायला पैसे लागत नाहीत’ हे वाक्य खगोलप्रेमींच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकू येतं. वाक्य खरं आहे. पण बघणं आणि ओळखणं यात फरक आहे, आणि ओळखायला कुणीतरी शिकवावं लागतं. माणूस नसेल तर पुस्तक लागतं. माझं भांडण त्या पुस्तकावरून आहे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या, खिशात शंभर-दीडशे रुपये असलेल्या मराठी मुलाला आज आकाशदर्शनाचं एक साधं, हाताशी ठेवता येईल असं पुस्तक सहज मिळत नाही. आणि याची लाज कुणालाही वाटत नाही.

मी काही वर्षं मित्रमैत्रिणींना गच्चीवर, माळावर, गडावर नेऊन तारे दाखवतो. रात्र संपली की प्रश्न ठरलेला असतो, ‘आता घरी जाऊन एकट्यानं बघायचं तर कुठलं पुस्तक घेऊ?’ उत्तर शोधायला मी शहरातल्या एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानात गेलो. ‘तारे-नक्षत्रांचं काही आहे का?’ विचारलं तर मला राशिभविष्याच्या कपाटासमोर उभं केलं गेलं. मंगळदोष, साडेसाती, रत्नं कुठली घालावीत, सगळं होतं. आकाशातला मंगळ कसा ओळखायचा, हे सांगणारं एकही नव्हतं. दुकानदाराला मी दोष देत नाही. जे छापून येतं आणि जे खपतं ते तो ठेवतो.

मग सल्ला मिळतो, इंग्रजी पुस्तक मागवा. ही पुस्तकं सुंदर असतात, पण किंमत बघता बघता हजाराच्या पुढे जाते. आणि किंमत बाजूला ठेवली तरी मूळ अडचण उरतेच. त्यातली बरीचशी दुसऱ्या अक्षांशासाठी लिहिलेली असतात. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो, हे तुमच्या अक्षांशावर ठरतं. लंडनमध्ये तो सुमारे ५१ अंशांवर, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१, कोल्हापुरात सतराच्याही खाली. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे आपला ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या आसपास. लंडनच्या उंचीवर शोधाल तर तो सापडणारच नाही.

तिथली पुस्तकं बहुधा सप्तर्षींपासून सुरुवात करतात, कारण तिथे ते वर्षभर मावळत नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक उघडणारा मुलगा पहिल्याच पानावर अडकतो आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून मोकळा होतो. त्या पुस्तकांमधलं ‘उन्हाळ्याचं आकाश’ म्हणजे जुलै-ऑगस्ट. तेव्हा आपल्याकडे छत्री उघडलेली असते. १२-१३ ऑगस्टच्या उल्कावर्षावाचं तिथे केवढं कौतुक, आणि इथे त्या रात्री बहुतेक वेळा ढगच. आपल्यासाठी १३-१४ डिसेंबरचा, मिथुन राशीतला वर्षाव जास्त भरवशाचा.

उलट जे आपल्याला दिसतं ते तिथे दिसत नाही. रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा अगस्त्य लंडनमधून कधीच उगवत नाही. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री व्याधाच्या खाली, दक्षिणेला तो लख्ख असतो. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर त्रिशंकूही दिसतो. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या अगस्त्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, पण तो तारा बोट दाखवून कुणी दाखवत नाही. गोष्ट आपल्याकडे, तारा आपल्याकडे, आणि नकाशा मात्र परक्या गावाचा.

दुसरा सल्ला तर हमखास मिळतो, ‘ॲप आहे ना.’ आहे, आणि मीही वापरतो. स्टेलेरियम संगणकावर फुकट मिळतं आणि उत्तम आहे. ग्रह सतत जागा बदलतात, त्यामुळे आज गुरू कुठे आहे हे सांगायला फोनच बरा. पण फोन रोखला की नाव दिसतं, आणि खाली ठेवला की विसरतं. शोधण्याचं काम तुम्ही केलेलंच नसतं. शिवाय डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि स्क्रीनचा एक झोत ती कमाई घालवतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲप क्रम लावत नाही. आधी मृग, मग त्याच्या पट्ट्याच्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी, तिथून पुढे कृत्तिका. हे बोट धरून नेणं पुस्तकाचं काम आहे.

तिसरा सल्ला सगळ्यात महागडा, दुर्बीण घ्या. ऑनलाइन बाजारात ‘५२५ पट मोठं दिसेल’ असं खोक्यावर छापलेली खेळणी विकली जातात. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला साधारण दोन पट, ही उपयोगाची मर्यादा. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट. त्यापुढे फक्त धुरकट डाग मोठा होतो. आधी डोळे, मग पुस्तक, मग दहा बाय पन्नासचा द्विनेत्री. त्यातून गुरूचे चंद्र दिसतात, कृत्तिकांचा पुंजका फुलतो, मृगातला तेजोमेघ दिसतो. दुर्बीण नंतर.

आता मला लोक सांगतील की मराठीत पुस्तकं आहेत. आहेतच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं. जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ आहे. मोहन आपट्यांनी आयुष्यभर या विषयावर लिहिलं. ही परंपरा अभिमानाची आहे, म्हणून तर राग जास्त येतो. नारळीकरांचं पुस्तक दिव्याखाली बसून वाचायचं आहे, ते घेऊन कुणी माळावर जात नाही. मला हवं आहे ते लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात गुडघ्यावर उघडून ठेवायचं पुस्तक. अशीही मराठीत झाली असतील, पण ती एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर हात घातल्यावर मिळत नसतील तर त्या मुलासाठी ती नाहीतच.

‘मराठी मुलं पुस्तकं घेत नाहीत’ हे प्रकाशकांचं आवडतं रडगाणं. मग स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे ढीग कोण उचलतं? आणि दरवर्षी लाखो घरांच्या भिंतींवर जे कॅलेंडर लागतं, ते काय आहे? त्यात तिथी असते, म्हणजे सूर्यापासून चंद्र किती दूर गेला त्याचा बारा-बारा अंशांचा हिशेब. नक्षत्र असतं, म्हणजे चंद्र आज कुठल्या ताऱ्यांपाशी आहे. ‘रोहिणी’ लिहिलेल्या रात्री चंद्राजवळ शोधा, लालसर रोहिणी सापडेल. मराठी माणूस आकाशाचं वेळापत्रक दरवर्षी विकत घेतो, फक्त त्यातून मुहूर्त बघतो आणि वर बघत नाही. कारण वर कसं बघायचं हे सांगणारं पान कुणी जोडलेलं नाही.

या तुटलेल्या दुव्याचं एक उदाहरण देतो. ७-८ जूनला मृग लागतो हे शेतकऱ्याच्या पोराला पाठ असतं. पण त्या वेळी मृग नक्षत्र आकाशात दिसत नाही, कारण सूर्यच त्याच्यापाशी असतो. ते रात्रभर दिसतं डिसेंबरात. एवढी एक गोष्ट कळली तर पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे घोकावं लागणार नाही, दिसेल. विदर्भातले गोंड सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना खाट म्हणतात आणि मागच्या तिघांना ती पळवणारे चोर. ही नावं संशोधकांच्या निबंधांत नोंदली गेली. गडचिरोलीच्या मुलाच्या हातातल्या पुस्तकात ती कधी येणार?

ज्यांच्या डोक्यावर अजून काळोख शिल्लक आहे त्यांच्याकडे पुस्तक नाही, आणि ज्यांना पुस्तक परवडतं त्यांच्या डोक्यावर सोडियमचे आणि एलईडीचे दिवे आहेत. पुणे जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी आहे, जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतात. तिच्या शेजारच्या शाळेतल्या मुलीला अगस्त्य ओळखता येत नसेल, तर त्या तबकड्यांचं कौतुक मी कुठल्या तोंडानं करू?

म्हणून मागणी सरळ आहे. ४८ पानं, शंभर रुपयांच्या आत. १८-२० अंश उत्तरेचे, ऑक्टोबर ते मे अशा आठ महिन्यांचे आठ नकाशे. प्रत्येक ताऱ्याचं मराठी नाव, आंतरराष्ट्रीय नाव आणि मिळेल तिथे गावातलं नाव. भविष्याची एकही ओळ नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. बालभारतीकडे छपाईची आणि वितरणाची यंत्रणा आहे, ‘किशोर’सारखं मासिक ती १९७१पासून स्वस्तात मुलांपर्यंत पोचवते आहे. नकाशे तपासायला पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ आहे. माणसं आहेत, ज्ञान आहे, कागद आहे. अडलंय ते फक्त कुणाच्या तरी टेबलावर.

तोवर तुम्ही पुस्तक घ्यायला गेलात तर फेब्रुवारीचा नकाशा उघडा आणि व्याधाच्या खाली अगस्त्य आहे का बघा. नसेल, तर ते पुस्तक तुमच्या आकाशाचं नाही. परत ठेवा, आणि दुकानदाराला सांगा की आमचं कधी येणार आहे ते प्रकाशकाला विचारा. दहा जणांनी विचारलं तर तो विसरेल. हजार जणांनी विचारलं तर छापेल.