आधी आपली बॅग, मग खाऊ

टेल्को-बजाजमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या आमच्या चिंचवड-निगडीतल्या बऱ्याच घरांतली मुलं आता सिंगापूर-बँकॉककडे नोकरीला आहेत. सत्तरीतली जोडपी महिना-दोन महिने त्यांच्याकडे निघतात आणि आधीचे पंधरा दिवस घरात बॅग भरण्याचा सोहळा चालतो. त्या बॅगेबद्दल आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

"उकाड्याचं काय घेऊन बसलात? आम्ही चिंचवडचा एप्रिल काढतोच की!" हे वाक्य हमखास ऐकू येतं. आकडे पाहिले तर ते पटेलही. सिंगापूरचा आजवरचा उच्चांक आहे ३७ अंश. १९८३ साली तो नोंदला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा गाठला गेला. आपल्याकडे एप्रिलात ३७ अंशांचं कुणाला काही वाटत नाही. मग तिथे जीव एवढा का कासावीस होतो?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठातून पाझरलेलं पाणी वाळतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. आपल्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ते भराभर वाळतं. तोच माठ ऐन पावसाळ्यात भरून बघा, पाणी जेमतेम गार. आपलं शरीरही तसंच. घाम आल्यानं नव्हे, तो वाळल्यानं आपण गार होतो. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, हवा बारा महिने दमट. घाम येतो, पण वाळत नाही. त्यात वय झालं की तहान लागल्याचं नीट कळत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं. म्हणजे हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न नाही.

आणि आपल्या बॅगेत काय असतं? मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुरडया, लाडू. उरल्या जागेत कपडे, आणि औषधं कुठल्यातरी कोपऱ्यात. माया समजते हो, पण डाळी-मसाले तिथल्या लिटल इंडियातही मिळतात. शिवाय दिवाळीचे अनारसे नेणार असाल तर लक्षात ठेवा, सिंगापूरमध्ये खसखस नेायला बंदी आहे, दुबईतही आहे. आपल्याला ती साधी वाटते, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते.

माझं मत असं, की आधी आपली बॅग भरावी आणि खाऊ उरलेल्या जागेत न्यावा. काय न्यायचं ते एखाद्या कोकणातल्या आजींना विचारावं. "सुती न्या" हा सल्ला अर्धाच खरा आहे. जाड सुती कपडा, जीन्स, टर्किश टॉवेल एकदा ओले झाले की तिथे लवकर वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. पातळ मलमलचे सैल सदरे, वॉयलच्या साड्या किंवा पातळ ड्रेस आणि दोन पंचे न्यावेत. पाऊस कधीही येतो म्हणून छत्री. मॉलमध्ये आणि मेट्रोत एसी चांगलाच गार असतो, म्हणून एक हलकी शाल. पायात हवा खेळती राहील अशी चप्पल. जलसंजीवनीची पाकिटं.

औषधं मात्र हातातल्या पिशवीतच हवीत. पूर्ण मुक्कामाची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. गोळ्या सोलून डबीत भरून नेऊ नयेत, दमट हवेत त्या खराब होतात आणि विमानतळावर कुणी विचारलं तर ओळखायच्या कशा? झोपेच्या काही गोळ्यांना आणि कोडीन असलेल्या औषधांना तिथे आधी परवानगी लागते, तेही मुलांना चौकशी करायला सांगावं.

लाडवांचा डबा आठ दिवसांत संपतो. आजी-आजोबा दोन महिने ठणठणीत राहिले, रोज संध्याकाळी नातवाला बागेत घेऊन गेले, तर त्या पोराला आणखी काय हवं? बघा पटतंय का.