चिमुकला खलनायक व त्याचे बावळट चाकर

मुलांच्या हाती एका विशिष्ट प्रकारची विनोदी चित्रकथा हल्ली वारंवार दृष्टीस पडते. तिचा नायक, किंबहुना खलनायक, आठ-दहा वर्षांचा पोर असतो. त्यास साऱ्या जगाचे राज्य हवे असते, आणि ते मिळवून देण्यासाठी त्याच्या दिमतीस दोन-चार आडदांड, परंतु अकलेने कच्चे असे चाकर असतात. धनी सांगतो एक, चाकर करतात भलतेच, आणि बेत धुळीस मिळतो. ही कथा धाकटा वाचतो, थोरला वाचतो, आणि दोघे निजल्यावर वडीलही वाचतात. असले वाङ्मय शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे काय, असा प्रश्न काही पालक विचारतात. ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिला आक्षेप असा की, मूल दुष्ट दाखविणे हेच मुळी अनुचित. मूल म्हणजे देवदूत, असे मानणाऱ्यांनी एक वर्ष पाचवीच्या वर्गावर काढून पाहावे! शिवाय ही कल्पना नवीही नव्हे. विल्हेल्म बुश या जर्मन चित्रकाराने १८६५ साली माक्स व मोरिट्स या दोन व्रात्य पोरांची सचित्र कथा लिहिली. तिच्या शेवटी ती पोरे गिरणीत दळली जातात व बदके तो दाणा टिपतात. १८९७ साली रुडॉल्फ डर्क्स याने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात तशाच वळणाची जोडगोळी आणली, तीस मात्र मारावर सोडले. १९५१ च्या मार्चमध्ये तर इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत, एकमेकांच्या नकळत, डेनिस नावाची दोन उपद्व्यापी मुले चित्रांत जन्मास आली. आपल्याकडे १९९१ साली 'सकाळ' पत्रात अवतरलेला, चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू या सर्वांहून पुष्कळच सौम्य. गिरणीच्या जागी हास्य आले, हे सुधारणेचेच लक्षण होय.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मुले खलनायकाचे अनुकरण करतील, असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, अनुकरण होते ते चाकरांचे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील सर्वांत बुटक्या मुलाने चार धिप्पाड सोबत्यांकरवी शेजारच्या वाडीतील चिंचा पाडविल्या. राखणदार आला तेव्हा म्होरक्या केव्हाच घरी पोहोचला होता, आणि चौघांपैकी एक कुंपणाच्या काट्यांत अडकून लोंबत होता. "का रे गेलास?" असे विचारता तो म्हणाला, "त्यानं म्हटलं म्हणून गेलो, सर."

आम्ही पोट धरून हसलो. परंतु घरी गेल्यावर हसू मावळले. पूर्वी एका शाळेत असताना, फी थकलेल्या मुलास परीक्षेस बसू देऊ नये, असा वरून हुकूम आला होता. तो अन्याय आहे हे कळत असूनही आम्ही त्या मुलास दारातून परत पाठविले. का, असे कोणी विचारले असते, तर काट्यांत लोंबणाऱ्या त्या मुलाहून निराळे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

या चित्रकथांचे मर्म येथेच आहे. खलनायक पोर असल्यामुळे त्याचे हात फळीपर्यंतही पोहोचत नाहीत. त्याचे सारे बळ चाकरांनी उसने दिलेले असते. मोठ्या दुष्टाची गोष्टही बहुधा हीच असते. तेथे ती इतकी उघडी दिसत नाही, एवढेच.

आपले केळझर हीच महाभारतातील एकचक्रानगरी, असे येथील परंपरा सांगते. बकासुरास अन्नाचा गाडा गावकरीच पाळीपाळीने पोहोचवीत होते. भीमाने काय केले? राक्षसासाठी नेलेले अन्न त्याच्यादेखतच स्वतः खाण्यास आरंभ केला, आणि पाठीवर त्याचे तडाखे बसत असताही जेवण पुरे करूनच तो उठला. याहून विनोदी प्रसंग आमच्या वाचनात क्वचितच आला आहे. पुढे बकासुर मारला गेला, तेव्हा त्याचे भाईबंद व चाकर भयभीत होऊन बाहेर आले, आणि यापुढे मनुष्यास उपद्रव देणार नाही, असे त्यांनी कबूल केले. धनी गेल्यावर सुचलेले हे शहाणपण आधी सुचते, तर कित्येकांचे प्राण वाचते!

म्होरक्याच नको, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आपल्या हिंदू बांधवांच्या गोपाळकाल्यात बालकृष्ण हा लोणी चोरणाऱ्यांचा म्होरक्या, आणि लंगडा, बोबडा पेंद्या हा त्याचा गडी. परंतु तेथे काला सर्वांनी मिळून खावयाचा असतो. म्होरक्या व धनी यांतील भेद ओळखण्यास ही कसोटी पुरेशी आहे.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, या कथा खुशाल वाचा व मनमुराद हसा. मात्र पुस्तक मिटताना, यात मी कोण, एवढे स्वतःस विचारा. आज्ञाधारकपणा हा सद्गुण खरा; आम्हीच तो तुम्हांस नित्य शिकवितो. परंतु आज्ञा कोणाची व कशासाठी, हे न पाहता पाळलेली आज्ञा माणसास शेवटी काट्यांत अडकविते. आणि त्या वेळी सांगणारा घरी पोहोचलेला असतो.