चिकुनगुन्याचा ताप गेला, मग सांधे का दुखत राहतात?

पावसाळा संपला की चिकुनगुन्याच्या बातम्या थांबतात. दवाखान्यात मात्र तेव्हाच वेगळी गर्दी दिसू लागते. "ताप चार दिवसांत गेला, पण दोन महिने झाले तरी सकाळी मूठ वळत नाही," ही त्यातली नेहमीची तक्रार. २०२४ मध्ये पुणे, नागपूरसह राज्यात चिकुनगुन्याचे रुग्ण मोठ्या प्रमाणात आढळले, तेव्हाही हेच दिसले.

आकड्यांत न दिसणारा आजार

सरकारी आकडेवारीत तपासणीतून निश्चित झालेले नवे रुग्ण मोजले जातात. ताप उतरल्यावर किती जणांना जिना उतरता येत नाही, हे त्यातून कळत नाही. घरातही "ताप गेला म्हणजे बरे झाले" असेच समजले जाते. त्यामुळे पोळ्या लाटताना मनगट धरते असे सांगणाऱ्या बाईला आळशी ठरवले जाते, तर रोजंदारीवरचा माणूस वेदनाशामक गोळी घेऊन कामावर जातो. हे दुखणे खरे आहे, हे कुटुंबाने आधी मान्य करायला हवे.

असे का होते?

साधारण आठवडाभरात विषाणू रक्तातून नाहीसा होतो. पण त्याच्याविरुद्ध जागी झालेली प्रतिकारशक्ती लगेच शांत होत नाही आणि सांध्यांच्या आतील आवरणाला सूज राहते. बोटे, मनगटे, घोटे आणि गुडघे जास्त दुखतात. सकाळी सांधे आखडतात. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो, काहींचे दुखणे महिनोन्‌महिने टिकते. वय जास्त असेल, सुरुवातीचा आजार तीव्र असेल किंवा आधीपासून सांधेदुखी असेल, तर हा धोका वाढतो. महिलांमध्येही तो अधिक दिसतो. नाकावर काळपट डाग पडला असेल तर घाबरू नका, तो हळूहळू फिका होतो.

तुम्ही काय कराल?

• तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या. डेंग्यू असेल तर इतर वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.
• नंतरही अशा गोळ्या स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे घेऊ नका. मूत्रपिंड व जठरावर परिणाम होतो.
• दुकानातून मिळालेल्या बिननावाच्या पुड्या टाळा. त्यांत स्टेरॉइड असू शकते. दोन दिवसांत चमत्कार वाटतो, पण साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करणेही धोक्याचे असते.
• पूर्ण अंथरूण धरू नका. कोमट पाण्याचा शेक घ्या आणि हलके व्यायाम करा, पण दुखणे वाढेल इतके नाही.

डॉक्टरांकडे पुन्हा केव्हा जावे?

सांध्यांची सूज टिकून असेल, सकाळचा आखडलेपणा तासभर राहत असेल किंवा दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. प्रत्येक दुखणे चिकुनगुन्याच्या खात्यावर टाकू नका. कधी त्याच सुमारास संधिवात (आमवात) सुरू झालेला असतो आणि त्याचे उपचार लांबले तर सांधे वाकडे होऊ शकतात. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, हातापायांत अशक्तपणा जाणवला किंवा दृष्टी अंधूक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पहिल्या तपासणीचा अहवाल आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना निदान करताना तिचा मोठा उपयोग होतो.