श्रीगोंद्याचं तिकीट

दौंडहून श्रीगोंद्याच्या एसटीत बसलो की मला उतरायचं असायचं काष्टीला, पण तिकीट काढायचो श्रीगोंद्याचं. ‘श’ लांबवता येतो, हवा सोडत सोडत शब्द बाहेर ढकलता येतो. ‘क’ला ती सोय नाही, घसा बंद झाला की बंदच. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून उभे, मागची माणसं माना उंचावून बघताहेत. त्यापेक्षा चार पैसे जास्त गेलेले परवडले. काष्टीला उठलो की कंडक्टर हटकून म्हणायचे, “अहो, श्रीगोंदा पुढंय.” मी नुसती मान हलवून उतरायचो.

असे वरचे पैसे आम्हा अडखळत बोलणाऱ्यांपैकी बरेच जण कुठे ना कुठे भरत असतात. म्हणून हे मुद्दे.

१. तोतरेपणा हा जिभेचा दोष नाही. आजीने माझ्या जिभेवर वेखंड उगाळून लावलं, कोणी जिभेखाली खडीसाखर धरायला सांगितली. जीभ बिचारी ठणठणीत होती. तोतरेपणा बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, मूल शब्दाला शब्द जोडायला लागतं तेव्हा. बोलण्याची आखणी आणि वेळ सांभाळणाऱ्या मेंदूतल्या जोडण्या थोड्या वेगळ्या चालतात, असं मेंदूच्या चित्रणांतून दिसलं आहे. शिवाय तो अनेकदा घराण्यातून येतो. २०१० साली अमेरिकेत डेनिस ड्रेना यांच्या गटाने तीन जनुकांतले बदल त्याच्याशी जोडून दाखवले. शोधाची सुरुवात पाकिस्तानातल्या, एकाच घरात अनेकजण अडखळणाऱ्या कुटुंबांपासून झाली होती. पण ही जनुकं थोड्यांचंच कोडं सोडवतात. एकच कारण आणि एकच औषध सांगणाऱ्याची बाटली विकत घेऊ नये. दुसऱ्याची नक्कल केल्याने तोतरेपणा जडतो, हेही खरं नाही.

२. ‘तेव्हा कसं बरं येतं?’ हा प्रश्न शाळेत मी शेकडो वेळा ऐकला. सगळा वर्ग एका सुरात एकोणतीसचा पाढा म्हणायचा तेव्हा मी खणखणीत. गणपतीच्या आरतीत माझा आवाज सगळ्यांच्या वर. आणि हजेरीला नुसतं ‘हजर’ म्हणताना घाम. गुरुजींना ही नाटकं वाटायची. खरं तर समूहात बोलताना किंवा गाताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. बाहेरून ताल मिळाला की मेंदूला तो आतून जुळवावा लागत नाही, असं एक स्पष्टीकरण आहे. माझ्या लग्नात उखाण्याच्या ओळी तालात सुसाट गेल्या आणि बायकोच्या नावापाशी गाडी थांबली. इतर शब्दांना बदली शब्द मिळतो, नावाला मिळत नाही. मांडवाला वाटलं, नवरदेव लाजतोय. माझ्या अडखळण्याचं कौतुक झालं ते तेवढं एकदाच.

३. ‘नीट बोल’ म्हणून ओरडणं थांबवा. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना, ‘तुमचं बोलणं बिघडतंय’ असं सांगत राहिले. जॉन्सन स्वतः अडखळत बोलत. टोकण्यानेच मूल तोतरं होतं, अशी त्यांची धारणा होती. ती मुलं खऱ्या अर्थाने तोतरी झाली नाहीत. पण बुजली, बोलणं टाळू लागली. २००७ साली आयोवा राज्याला त्यांच्यापैकी हयात असलेल्यांना आणि काहींच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर द्यावे लागले. टोकण्याने तोतरेपणा येत नाही, गप्पपणा येतो. आपल्या वर्गांत हा प्रयोग रोज चालतो, फुकट.

४. आपली भाषाही आमच्या विरोधात साक्ष देते. खोटं पकडलं गेलं की माणसाची ‘ततपप’ होते, घाबरला की ‘बोबडी वळते’. त्यामुळे अडखळणारा म्हणजे काहीतरी लपवणारा, हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच पक्कं असतं. चौकीत, बँकेच्या खिडकीवर, मुलाखतीच्या टेबलापलीकडे. १९९३च्या ‘डर’ सिनेमानंतर ‘क-क-क-किरण’ गल्लोगल्ली ऐकू यायचं. माझा ‘क’शी आधीच वाद.

५. आता मागण्या. भाषेच्या तोंडी परीक्षेत अडखळणाऱ्या मुलाला जास्तीचा वेळ द्यावा, एकट्या शिक्षकांसमोर बोलायची मुभा असावी आणि ओघासाठी गुण कापू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. दात, डोळे, वजन बघतातच. ‘शब्द अडतो का?’ एवढा प्रश्न आईला विचारायला किती वेळ लागतो? सुमारे पाच टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात. चारातली तीन पुढे आपोआप सुधारतात, म्हणून डॉक्टरही ‘मोठा झाला की जाईल’ म्हणतात. पण चौथा कोणता, हे आधी कोणी सांगू शकत नाही. काही महिने उलटले तरी थांबलं नाही, तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा.

६. प्रौढांत प्रमाण साधारण एक टक्का. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. ढोबळ हिशेब ज्याचा त्याने करावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात वाचा आणि भाषेचा प्रकारही आहे, पण व्याख्येत उदाहरणं आहेत स्वरयंत्र काढलेल्यांची आणि मेंदूच्या इजेने भाषा गेलेल्यांची. आमचं दुखणं दिवसागणिक बदलतं. प्रमाणपत्राच्या तपासणीच्या दिवशी नेमकं घडाघडा बोललो तर? आमच्यातल्या अनेकांना ‘दिव्यांग’ शब्द नकोही आहे. मलाही आरक्षण नको. मुलाखतीत पाच मिनिटं जास्त द्या, तेवढं पुरे.

७. फोन. आमचा ‘हॅलो’ निघेपर्यंत पलीकडचा फोन ठेवून देतो. मदतीच्या क्रमांकांवर बसणाऱ्यांना एक गोष्ट शिकवायला हवी: फोनवरची शांतता दर वेळी खोडसाळ नसते.

८. मुंबईत वांद्र्याला वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. ‘तीसा’ नावाने ओळखली जाणारी अडखळणाऱ्यांची स्वतःची संघटनाही देशभर काम करते. या संघटनेत उपचारापेक्षा निराळं काहीतरी मिळतं: लपवणं सोडून, अडखळत का होईना, बोलायची सवय. मी चाळिशीत शिकलो. श्रीगोंद्याची तिकिटं त्यानंतर बंद झाली.

९. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, दुकानदारांना हात जोडून विनंती, आमचा शब्द तुम्ही पुरा करू नका. परवा किराणा दुकानात मी ‘का...’वर थांबलो. दुकानदार भला माणूस. “काडेपेटी? काजू? कापूर?” तिसऱ्याला थकून मान हलवली. आईला पानासाठी कात हवा होता. मी कापूर घेऊन घरी आलो.