संकोच कोणाचा, दोष कोणाचा?

स्तनाच्या कर्करोगाने स्त्री दगावली की एक ठराविक उद्गार ऐकू येतो : ‘बायका वेळेवर सांगतच नाहीत.’ परभणी जिल्ह्याच्या संदर्भात हे अर्धसत्य होय. आणि अर्धसत्याच्या आड जबाबदारी लपविणे फार सोपे असते.

तिशीपुढील स्त्रियांची तपासणी गावपातळीवर व्हावी, हे केंद्र सरकारने २०१६ सालीच ठरविले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम एकीची स्तनतपासणी झालेली आढळली. उरलेल्या नव्याण्णव जणींनी लपविले, असे कसे म्हणावे? त्यांना विचारले कोणी?

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांहून किंचित कमी होतो. परंतु त्याने येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण मात्र त्यांच्यात सुमारे ४० टक्के अधिक आहे. तेथे वर्ण आडवा येतो, येथे जात, भाषा व दारिद्र्य. तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या किंवा मोहल्ल्यात उर्दू बोलणाऱ्या स्त्रीने परक्या भाषेत, परक्या पुरुषापुढे आपले दुखणे कसे मांडावे? आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या मजूर स्त्रीला हिवाळ्यातील शिबिराचा उपयोग तो काय?

संकोच अभेद्य नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लक्ष स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. हे कार्य यंत्राने नव्हे, विश्वासाने साधले.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे की, जिंतूरच्या तांड्यापासून गंगाखेडच्या वस्तीपर्यंत तपासणी स्त्रीनेच, त्या स्त्रीच्या बोलीत आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा भार हलका होतो; परंतु संभाजीनगर वा मुंबईचा प्रवास, तेथील मुक्काम आणि सोबत्याची बुडालेली मजुरी यांचे काय? गाठ सापडलेल्या प्रत्येक स्त्रीचा उपचार पुरा होईपर्यंत पाठपुरावा करणे व या खर्चाची तरतूद करणे, हे जिल्हा प्रशासनाचे कर्तव्य होय. एवढे झाल्यावरही एखादी स्त्री मौन धरील, तर तिच्या संकोचाची चर्चा अवश्य करू. तोवर तिला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही.